किल्ट आणि हायलँड पोशाख : भरवशाचा विक्रेता कसा ओळखायचा?

ठाणेकर_मामा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

भाचीचं लग्न ठरलंय. जावईबापू स्कॉटलंडचे, स्टर्लिंगजवळच्या गावातले. एक लग्न आपल्या पद्धतीने ठाण्यात, दुसरं त्यांच्याकडे. व्याह्यांचा निरोप आलाय की तिकडच्या समारंभात मुलीकडच्या पुरुषांनीही किल्ट (स्कॉटलंडच्या हायलँड या डोंगराळ भागातला, मागे निऱ्या असलेला गुडघ्यापर्यंतचा घेर) घातले तर त्यांना फार आवडेल. भाची म्हणते, ठाण्यात तू मला बोहल्यावर आणशील तेव्हा धोतर, आणि तिकडे किल्ट. नाही म्हणायची सोय नाही.

तर मी, मुलीचे वडील आणि माझे दोन चुलत भाऊ असे चौघं आहोत. इंटरनेटवर शोधलं आणि चक्रावलो. तेच फोटो निरनिराळ्या दुकानांत, किमती तीन हजार रुपयांपासून सत्तर हजारांपर्यंत, आणि प्रत्येक जण 'अस्सल स्कॉटिश' म्हणतोय. यातला खरा कोण, हे ठाण्यात बसून ओळखायचं कसं? किल्टबरोबर पुढे लटकते ती केसाळ पिशवी, मोजे, बूट, जाकीट हे सगळंही लागणार. जाणकारांनी मार्ग दाखवावा.

टिंगलखोर

मामा, फोटो टाकल्याशिवाय धागा बंद करू देणार नाही. बाकी चालू द्या.

क्लाईडकाठ

अभिनंदन मामा. मी ग्लासगोत बरीच वर्षं आहे. इथल्या मित्रांच्या लग्नांत किल्ट घालून झालाय, त्यामुळे थोडं सांगतो.

पहिली गोष्ट म्हणजे चौघांनी विकत घ्यायची गरज नाही. इथलेही बरेच लोक लग्नाला भाड्यानेच घेतात. ग्लासगो, एडिंबरा, स्टर्लिंग, कुठेही भाड्याची दुकानं मिळतील. किल्ट, जाकीट, वेस्टकोट, स्पोरन (ती केसाळ पिशवी), मोजे, त्यावरच्या रंगीत पट्ट्या, गिली ब्रोग बूट असा सगळा संच शंभर पौंडांच्या आसपास मिळतो. मापं आधी ईमेलने कळवायची आणि लग्नाच्या दोन दिवस आधी जाऊन घालून बघायचं.

विकतच घ्यायचा असेल तर दुकानाचं नाव विचारू नका, कापडाचं विचारा. दुकानदाराला तीन प्रश्न लिहून पाठवा :

कापड कोणत्या गिरणीत विणलंय? वजन किती औंस? शिवतं कोण, आणि कुठे?

खरा किल्टवाला या तिन्हींची उत्तरं एका दमात देतो, कारण त्याला त्याचा अभिमान असतो. गिरणीचं नाव लॉकॅरन (सेलकर्क), हाऊस ऑफ एडगर, डी. सी. डॅलग्लिश (तेही सेलकर्कचं) किंवा मार्टन मिल्स असं काहीतरी येईल. मार्टन मिल्स ही इंग्लंडमधल्या यॉर्कशायरची गिरणी आहे हेही तो लपवत नाही. वजन १३ किंवा १६ औंस सांगेल. 'प्रीमियम क्वालिटी फॅब्रिक' असं उत्तर आलं तर नमस्कार करून पुढे जा.

हाताने शिवलेला आठ यार्डी लोकरी किल्ट साधारण पाचशे पौंडांच्या आसपास सुरू होतो आणि पुढे चढत जातो. हा नुसत्या किल्टचा भाव. शिवायला दोन ते तीन महिने धरा.

टिंगलखोर

आठ वार! म्हणजे नऊवारीला फक्त एक वार कमी. मामींचं एक लुगडं ढापा, वारभर कापा, झालं काम.

मागावरचा

टिंगल बाजूला ठेवा, पण कापडाचं मी सांगतो. इचलकरंजीत घरचे माग आहेत, सूटिंगही काढलंय.

क्लाईडकाठ यांनी औंस म्हटलं ते दुहेरी पन्ह्याच्या (रुंदीच्या) एका यार्डाचं वजन. १६ औंसाचं कापड म्हणजे चौरस मीटरला अदमासे ३३० ग्रॅम आणि १३ औंसाचं २७० च्या आसपास. आपल्याकडच्या पँटपीसशी ताडून बघा, म्हणजे १६ औंस किती जड ते कळेल. किल्टला हे वजन हवंच, नाहीतर मागच्या निऱ्या लोंबत नाहीत, वाऱ्यावर फुलतात. आणि स्टर्लिंगला वारा असणारच.

ओळखायची माझी खूण वेगळी आहे. किल्टची खालची कड बघा. चांगल्या किल्टला खाली दुमड घालून शिवण नसते. मागावरची किनारच कड म्हणून वापरतात. म्हणून किल्टचं कापड खास टक-इन किनारीचं, म्हणजे कडेचे दोरे परत आत खोचून, विणावं लागतं. साध्या रेपियर (बिनधोट्याच्या) मागावर कडेला दोऱ्यांची झालर राहते, ती कड उघडी ठेवता येत नाही, दुमडावीच लागते. फोटोत खाली जाड दुमड दिसली तर समजा की साधं सूटिंग आणून किल्ट शिवलाय. विक्रेत्याकडे खालच्या कडेचा जवळून काढलेला फोटो मागा. द्यायला खळखळ केली तर तेच उत्तर.

सुईदोरा

मागावरचा, छान माहिती. शिवणाच्या बाजूने भर घालते.

आठ यार्ड म्हणजे एकसंध आठ यार्ड नसतात बरं का. दुहेरी पन्ह्याचं साधारण चार यार्ड कापड घेऊन मधून उभं फाडतात आणि दोन पट्टे जोडतात. तो जोड निरीच्या आत लपवतात, दिसत नाही. उरलेलं सगळं कौशल्य मागच्या निऱ्यांत. एक पद्धत अशी की निऱ्या घातल्यावरही चौकडा सलग, न तुटता दिसला पाहिजे. दुसरी लष्करी पद्धत, तिच्यात प्रत्येक निरीवर तीच एक उभी पट्टी येते. दोन्ही बरोबर. पण मागून फोटो बघितला आणि चौकडा कसाही तुटलेला, आडव्या रेघा एकमेकींशी जुळत नाहीत, तर तो माणूस किल्ट शिवणारा नाही.

स्वस्त किल्टला चार-पाच यार्डांत भागवतात, निऱ्या उथळ असतात आणि पट्ट्याऐवजी वेल्क्रो असतं. चांगल्याला चामडी पट्टे नि बकल असतात, बहुधा तीन. आतून कॅनव्हास आणि अस्तर लावलेलं असतं. आतल्या बाजूचा फोटो कुणी सहसा टाकत नाही, म्हणून तोच मागावा. हाताने शिवायला वीस तासांच्या आसपास लागतात, हे लक्षात घेतलं तर तीन हजार रुपयांचं गणित आपोआप सुटतं.

लीथवाली

एडिंबऱ्यात शिकते, पार्टटाइम रॉयल माईलवर कामही केलंय (किल्टच्या दुकानात नाही, कॉफीच्या). त्या रस्त्यावर बॅगपाइपची ध्वनिफीत लावलेली दुकानं आहेत, तिथे तीस-चाळीस पौंडांत अॅक्रिलिकचे किल्ट मिळतात. ते पर्यटकांसाठी, रग्बीच्या मॅचसाठी, थट्टेसाठी. त्यात फसवणूक नाही, लेबलवर लिहिलेलं असतं. कपड्यात कोणता धागा किती टक्के हे इथे लेबलवर लिहावंच लागतं. कुठल्या देशात बनला ते लिहिण्याची मात्र सक्ती नाही! म्हणून 'स्कॉटलंडमध्ये डिझाइन केलेलं' असं मोठ्या अक्षरात छापतात आणि शिवलं कुठे ते गुलदस्त्यात. वाचताना ह्याच्यावर नजर ठेवा.

हॅरिस ट्वीड या लोकरी कापडाला कायद्याचं कवच आहे. १९९३ च्या कायद्याने आउटर हेब्रिडीज बेटांवरच्या लोकांनी आपल्या घरी हाताने विणलेल्या कापडालाच ते नाव लावता येतं, वर गोलाची मुद्रा असते. किल्टला असं काहीच नाही. कुणीही कुठेही शिवावा आणि किल्ट म्हणून विकावा.

त्याच रस्त्यावर पिढ्यान्‌पिढ्या शिवणारेही आहेत, सगळ्यांना एका मापाने मोजू नका. माझ्या घराजवळ लीथमध्ये किन्लॉक अँडरसन आहे, १८६८ पासूनचं. ग्लासगोजवळ पेझलीला ह्यूस्टन्स आहे, १९०९ पासूनचं. नुसतं जुनं म्हणून घ्या असं म्हणत नाही, पण अशा दुकानांना ईमेल लिहिला तर माणूस उत्तर देतो. आणि ग्रासमार्केटमध्ये आर्मस्ट्राँग्ज म्हणून जुन्या कपड्यांचं दुकान आहे. मापाचा मिळाला तर तिथला वापरलेला लोकरी किल्ट नव्या पॉलिएस्टरपेक्षा केव्हाही बरा.

शंकासुर

पण आपण कुठल्या कुळाचे? टार्टन (किल्टचा रंगीत चौकडा) हा त्या त्या क्लॅनचा, म्हणजे कुळाचा, असतो ना? उद्या मामांनी कॅम्पबेल घातला आणि मांडवात मॅकडॉनल्ड निघाले तर?

क्लाईडकाठ

शंकासुर, हे कॅम्पबेल-मॅकडॉनल्ड भांडण १६९२ चं, ग्लेन्कोच्या हत्याकांडाचं. आता लोक त्यावर विनोद करतात, मारामारी नाही.

कुणी कोणता टार्टन घालावा याला कायदा नाही. शिष्टाचार इतकाच की एखाद्या कुळाशी काही संबंध नसेल तर सर्वांसाठी असलेले टार्टन घ्यावेत : ब्लॅक वॉच, रॉयल स्टुअर्ट वगैरे. बॅल्मोरल मात्र नको, तो राजघराण्याचा राखीव. टार्टनचं सरकारी नोंदणी पुस्तक २००९ पासून ऑनलाइन आहे, फुकट बघता येतं. विक्रेता एखादं भारदस्त नाव सांगत असेल तर तिथे शोधा. शीख समाजाचा सिंग टार्टनसुद्धा आहे, १९९९ पासून.

मामा, सर्वांत सोपं म्हणजे व्याह्यांना विचारा. 'आमच्या कुळाचा घाला' म्हणाले तर त्यासारखा मान नाही.

आणि कुळाकुळाचा टार्टन 'हजार वर्षांचा' असं जो विक्रेता सांगेल त्याच्याशी जरा जपून. १७४६ च्या कायद्याने हायलँड पोशाखावर बंदी आली, ती १७८२ मध्ये उठली. १८२२ साली राजा चौथा जॉर्ज एडिंबऱ्याला आला तेव्हा कादंबरीकार वॉल्टर स्कॉटने सगळा थाट मांडला, आणि मग प्रत्येक कुळाला आपापला टार्टन हवासा झाला. पुढे १८४२ मध्ये दोन भावांनी 'प्राचीन हस्तलिखिता'वरून म्हणून टार्टनचं एक पुस्तक छापलं. ते हस्तलिखित बनावट होतं, पण त्यातले कित्येक नमुने आजही दिमाखात विकले जातात, आणि मला त्यात काही वावगं वाटत नाही. कापड खरं असलं म्हणजे झालं.

फौजी_पायपर

तीस वर्षं फौजेत, त्यातली बरीच पाईप बँडमध्ये. इथे कुणी अजून पाकिस्तानातल्या सियालकोटचं नाव घेतलं नाही म्हणून लिहितो.

जगभरात विकले जाणारे स्वस्त किल्ट, स्पोरन, बॅगपाइप यांतला मोठा वाटा सियालकोटचा. ब्रिटिश पलटणींच्या काळापासून तिथे हे काम चालत आलंय. आपल्याकडे बँडच्या सामानाला मेरठ आहे. तिथल्या कारागिरांना मी नावं ठेवणार नाही. पाईप बँडच्या पन्नास पोरांना एकसारखे कपडे हवेत आणि बजेट नाही, तेव्हा त्यांनीच वेळ निभावून नेलीय. चामड्याचं काम तर काही वेळा उत्तम असतं. वाईट ते लपवणं. एडिंबऱ्याचा पत्ता, स्कॉटिश नाव, डोंगरांचे फोटो, आणि माल तिसरीकडून.

स्पोरन घेताना तीन ठिकाणी बोट फिरवा : साखळीची कडी, मागचं चामडं, वरची धातूची पट्टी. स्वस्त मालात चामड्याऐवजी रेक्झिन असतं, पट्टीचा मुलामा पहिल्या पावसात उतरतो. सील या समुद्री प्राण्याच्या कातडीच्या स्पोरनचा नाद करू नका. युरोपात २००९ च्या नियमाने तिच्या विक्रीवर बंदी आहे, अमेरिकेत १९७२ पासून. साधं चामडं किंवा घोड्याचे केस घ्या.

नारळीपाक

फौजी साहेब, अगदी हेच माझ्या दिरांच्या बाबतीत झालं. कंपनीच्या कार्यक्रमासाठी एका संकेतस्थळावरून मागवला. पत्ता स्कॉटलंडचा, चॅटवर बोलणारा गोड. 'शंभर टक्के लोकर' लिहिलं होतं. आला तो पातळ, चकचकीत, आणि पार्सलवरचा देश निराळाच. परत पाठवायचं म्हटलं तर टपालखर्च किल्टपेक्षा जास्त. शेवटी शाळेच्या स्नेहसंमेलनाला देऊन टाकला.

मागावरचा

नारळीपाक, लोकर आहे का बघायला आतल्या शिवणीच्या कडेला कापडाचा एक दोरा काढून जाळायचा. लोकर केस जळल्यासारखी वासते, ज्योत बाजूला घेतली की विझते, राख चुरगळते. अॅक्रिलिक, पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. कापडाचाच दोरा घ्या, शिवणाचा नको, तो बहुधा पॉलिएस्टरच असतो.

हिशेबनीस

कपड्यातलं मला कळत नाही, पैशातलं सांगतो.

१) नारळीपाक यांच्या दिरांसारखं पार्सल आता भारतात पोचेलच असं नाही. २ मे २०२५ पासून पाकिस्तानात बनलेल्या किंवा तिथून निघालेल्या मालाच्या आयातीवर भारताने पूर्ण बंदी घातली आहे, तिसऱ्या देशामार्गे आलेल्या मालावरही. म्हणजे 'कुठे बनला' हा प्रश्न ठाणेकर मामांसाठी हौसेचा नाही. माल कस्टममध्ये अडकला की विक्रेता हात वर करणार.

२) ब्रिटिश कंपनी असल्याचा दावा असेल तर 'कंपनीज हाऊस'च्या (तिकडच्या सरकारी कंपनी नोंदणीच्या) संकेतस्थळावर नाव टाका. फुकट आहे. कंपनी कधी स्थापन झाली, नोंदणीचा पत्ता कोणता, सगळं दिसतं. 'तीन पिढ्यांची परंपरा' सांगणारी कंपनी दोन वर्षांपूर्वी नोंदलेली निघाली तर हसू येतं. मात्र एकट्याने शिवणारा कारागीर तिथे नसेलही, त्यावरून त्याला खोटं ठरवू नका.

३) तिकडे ऑनलाइन खरेदी चौदा दिवसांत रद्द करता येते, पण मापाने शिवून घेतलेल्या वस्तूला ही सवलत नाही. म्हणून मापं पाठवण्याआधी सगळं लेखी ठरवा : कापड, वजन, यार्ड, मुदत, बिघडल्यास दुरुस्ती कोण करणार. भाचीकडे किंवा जावयांकडे ब्रिटिश क्रेडिट कार्ड असेल तर त्यावर घ्या. शंभर पौंडांवरच्या खरेदीत विक्रेता बुडाला किंवा फसवलं तर कार्ड देणारी बँकही जबाबदार धरता येते. बँकेत थेट पैसे टाका म्हणणाऱ्याला टाळा.

४) २० टक्के व्हॅट. पूर्वी पर्यटकांना विमानतळावर परत मिळायचा, ती सोय इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये १ जानेवारी २०२१ पासून बंद. दुकानाने थेट भारतात पाठवलं तर व्हॅट वगळता येतो, पण मग इथली कस्टम ड्युटी बसते. तुम्ही तिकडेच घालणार आहात, तेव्हा तिथल्या पत्त्यावर मागवून व्हॅट भरणं सुटसुटीत.

टिंगलखोर

हिशेबनीस साहेब, तुमच्या लग्नात आहेराची पण पावती दिली होती का?

हिशेबनीस

हो. दोन प्रतींत.

शंकासुर

एक राहिलं. मोज्यात सुरी खोचतात ती? विमानतळावर मामांना धरतील ना?

लीथवाली

स्गियन डू. स्कॉटलंडमध्ये राष्ट्रीय पोशाखाचा भाग म्हणून ती बाळगायला कायद्याची सवलत आहे. पण हातातल्या बॅगेत नको, चेक-इन सामानातच. मला विचाराल तर विकत घेऊच नका. भाड्याच्या संचात बरेचदा नुसती मूठ असते, पातं नसतंच, मोज्यात कुणाला कळतंय. आणि किल्टची पिन पुढे एकावर एक येणाऱ्या दोन पदरांपैकी फक्त वरच्या पदराला लावायची. दोन्ही पदर एकत्र टोचले तर कापड ओढलं जाऊन फाटतं. नवखे लोक हमखास हेच करतात.

ठाणेकर_मामा

मंडळी, काय बोलू. इतकं तर वधूसंशोधनातही कुणी सांगितलं नव्हतं.

तुमचे तीन प्रश्न, खालच्या कडेचा फोटो आणि आतल्या बाजूचा फोटो, असं एकच पत्र तयार करून निरनिराळ्या विक्रेत्यांना पाठवलं. उत्तरांवरूनच निम्मं काम झालं. एकाने पुन्हा 'अस्सल स्कॉटिश दर्जा' लिहून वर वीस टक्के सवलतीचा कोड पाठवला. एकाने सरळ लिहिलं की आमचे स्वस्त किल्ट परदेशात बनतात, ते पॉलि-व्हिस्कोजचे आहेत, लग्नासाठी घेऊ नका, भाड्याने घ्या. हा माणूस मला आवडला, भाड्याचं काम बहुतेक त्यालाच देणार. आणि पर्थशायरमधल्या एका बाई, घरीच शिवतात, त्यांनी हाऊस ऑफ एडगर, १६ औंस, आठ यार्ड, बारा आठवडे, अर्धे पैसे आधी, असं चार ओळींत कळवलं. मागितले नव्हते तरी अर्धवट शिवलेल्या किल्टचे आतले फोटो पाठवले.

व्याह्यांनी त्यांच्या कुळाचा टार्टन घालायला आनंदाने हो म्हटलंय. तेव्हा माझा शिवून घेतो, बाकी तिघांचे भाड्याने. बाईंनी मापं मागितलीत. कंबर ३८, माझ्या पँटची तीच आहे. चालेल ना?

सुईदोरा

नाही चालणार! थांबा, पाठवू नका.

पँट आपण पोटाखाली घालतो, किल्ट बेंबीच्या पातळीला बसतो. फीत तिथून गुंडाळा, श्वास रोखून नाही, नेहमीसारखे उभे राहून. मग नितंबांचा सर्वांत रुंद घेर. मग उंची, बेंबीपासून गुडघ्याच्या वाटीच्या मध्यापर्यंत, आणि ती दुसऱ्या कुणाकडून मोजून घ्या, स्वतः वाकलात की चुकते. तिन्ही मापं इंचात लिहा आणि 'बेंबीपाशी घेतलेली कंबर' असं स्पष्ट कळवा. त्या बाई स्वतःचा मापाचा तक्ता पाठवतील, तो आला तर माझं सोडा, त्यांचंच पाळा. लग्नाच्या जेवणावळी आधी होणार असतील तर तेही सांगून ठेवा, पट्ट्यांना दोन भोकं जास्त पाडतील.

क्लाईडकाठ

आणि पार्सल उघडलं की मागच्या निऱ्यांवर लांब-लांब पांढरे टाके दिसतील. ते धावदोरे आहेत, निऱ्या मोडू नयेत म्हणून घातलेले. घालायच्या आदल्या दिवशी काढायचे. मी इथे एकाला ते तसेच ठेवून नाचताना पाहिलंय.

ठाणेकर_मामा

बेंबीपाशी ४१ भरली. बायको हसतेय. तेच पाठवतो.